गवळणीतील कालविपर्यास आणि ग्रीक सुखात्मिका

एच. जी. वेल्स यांच्या 'द टाइम मशीन' (१८९५) या कादंबरीपासून कालप्रवास म्हटले की यंत्र आठवते. सातारा-सांगली भागातील गावजत्रांत रंगणाऱ्या तमाशाला त्याची गरज कधी भासली नाही. मथुरेच्या बाजारास निघालेल्या गौळणींना कृष्ण व पेंद्या अडवितात आणि बोलता बोलता फौजदार, मोटार, निवडणूक असे सारे गोकुळात येते. अभ्यासक यास कालविपर्यास म्हणतात. तो अज्ञानातून आलेला दोष मानणे योग्य नव्हे. देवास आपल्या काळात ओढून आणण्याची ती रीत आहे. रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांनी (१८६६–१९४५) गण, गवळण, लावणी, वग या सर्व प्रकारांत विपुल रचना केली.

गवळणीत हसू होते ते मुख्यतः पेंद्याचे आणि मावशीचे. कृष्ण बहुधा त्यातून सुटतो. ग्रीकांनी देवासही सोडले नाही. अॅरिस्टोफेनिसच्या 'फ्रॉग्ज' (इ. स. पू. ४०५) या नाटकात डायोनायसस हेराक्लीसचे सोंग घेऊन पाताळात जातो व फटके खातो, तेही त्याच्याच उत्सवात! देवाचे त्यात काही बिघडले नाही. परंतु याच नाटककाराने 'क्लाउड्स'मध्ये (इ. स. पू. ४२३) हयात सॉक्रेटिसला टोपलीत बसवून अधांतरी लटकविले होते. प्लेटोच्या 'अपॉलॉजी'त सॉक्रेटिस आपल्याविषयीच्या जुन्या पूर्वग्रहांच्या संदर्भात त्या सुखात्मिकेचा उल्लेख करतो. तो खटला इ. स. पू. ३९९ मधला, शिक्षा मृत्यूची झाली.

गवळणीतील मावशीला मात्र नावच नसते.