सायकलवाल्याला सिग्नल असतो का?

(ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी सगळं तसंच आहे.)

मागच्या वेळी मी पुण्यात सायकलने ऑफिसला जाण्याबद्दल बोललो. त्यावर एका श्रोत्याने एवढंच विचारलं, "तुम्ही सायकलवाले सिग्नल का पाळत नाही?" आधी मला राग आला. मग एक सकाळ आठवली.

सव्वासातची वेळ, कर्वे रोडवरचा एक सिग्नल. लाल होता. आडव्या रस्त्यावर एकही गाडी नाही, म्हणून मी नेहमीसारखं पॅडल मारलं. गाड्या बघितल्या होत्या, माणसं बघितली नव्हती. दुधाची पिशवी घेऊन एक आजी झेब्रा क्रॉसिंगवरून येत होत्या. मी ब्रेक दाबला, पण हँडल त्यांच्या हाताला लागलंच. पिशवी फुटली आणि आजी रस्त्यात बसल्या. सुदैवाने खरचटण्यावर निभावलं. मी त्यांना उठवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, सगळ्या गाड्या थांबल्या म्हणून मी निघाले. तू कुठून आलास?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचा भाग त्याच उत्तरासाठी आहे.

आधी कायदा बघू. सायकलला सिग्नल लागूच नाही, असं बरेच जण ठामपणे सांगतात. त्यात अर्धं तथ्य आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येत सायकल बसत नाही, कारण ती यंत्रावर चालत नाही. वाहतुकीची चिन्हं पाळायला सांगणारं त्याचं कलम 119 सुद्धा मोटार वाहनाच्या चालकाबद्दल बोलतं. सायकलला लायसन्स नाही, नंबर प्लेट नाही, म्हणून कॅमेऱ्याचं ई-चलनही येत नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली रस्त्यावरच्या सगळ्या प्रकारच्या रहदारीचे नियम करता येतात. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम 281 आहे, म्हणजे आधीच्या दंड संहितेतलं 279. सार्वजनिक रस्त्यावर कोणतंही वाहन बेदरकारपणे चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे शब्द 'मोटार वाहन' असा नाही. त्या दिवशी आजींचं काही बरंवाईट झालं असतं, तर 'माझी सायकल होती हो' हे सांगून सुटलो नसतो.

गंमत बघा. जुन्या पुणेकरांना विचारा, सायकलला बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस अडवायचा. तेव्हा रस्ता सायकलींचा होता, म्हणून कायद्याचं लक्षही सायकलींवर होतं. आता रस्ता मोटारींचा झालाय, तसे सिग्नलही त्यांच्याच वेगाने चालतात.

साधा हिशेब करू. आपण ताशी 15 किलोमीटरने चाललोय, म्हणजे सेकंदाला साधारण चार मीटर. तीस मीटरचा चौक ओलांडायला सात सेकंद लागतात. पिवळा दिवा असतो तीनेक सेकंदांचा. हिरवा संपता संपता चौकात शिरलेला सायकलवाला मधोमध असतानाच आडवी गर्दी सुटते. वर दिवा हिरवा झाला की मागून पन्नास दुचाक्या अंगावर येतात, म्हणून चार सेकंद आधी निघावंसं वाटतं. एकेरी रस्त्यांचंही तसंच. एफसी रोड आणि जेएम रोड एकमेकांच्या उलट दिशेने एकेरी. मोटारीला वळसा म्हणजे दोन मिनिटं, आपल्याला तेवढाच घाम. म्हणून माणूस उलटा घुसतो. ही कारणं खोटी नाहीत.

काही ठिकाणी ती कायद्यानेच मान्य केलीत. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात 1982 पासून सायकलवाल्याला 'थांबा'च्या पाटीशी पूर्ण थांबावं लागत नाही, वेग कमी करून, बघून जाता येतं. लाल दिव्याला मात्र आधी थांबायचं, रस्ता मोकळा असेल तरच निघायचं. पॅरिसमध्ये काही सिग्नलखाली सायकल आणि बाण असलेली छोटी त्रिकोणी पाटी असते. त्या बाणाच्या दिशेने लाल असतानाही जाता येतं, पण चालणाऱ्याला आधी वाट देऊन. दोन्हीकडे ही सूट सगळ्यांना माहीत असते. रस्ता ओलांडणाऱ्या आजींनाही.

आणि माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. रस्त्यावर आपण एकमेकांचा अंदाज बांधून चालतो. लाल दिवा म्हणजे समोरच्याला दिलेला शब्द, की आता तू ये. मी जी सूट घेतली, ती फक्त माझ्या डोक्यात होती. बसवाला, रिक्षावाला यांना चुकवायचं आजी शिकल्या होत्या. आवाज न करता येणाऱ्या सायकलला कसं चुकवणार?

तेव्हापासून मी काही गोष्टी पाळतो. लाल म्हणजे थांबायचं, चौक रिकामा असला तरी. अगदीच घाई असेल, तर उतरून सायकल हातात धरून झेब्रावरून चालत जायचं, तेव्हा आपण पादचारीच. सिग्नलला बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या बाजूला खेटून उभं राहायचं नाही. तो डावीकडे वळला तर आपण त्याला दिसतही नाही. त्याच्या मागे थांबायचं. वळण्याआधी हात दाखवायचा. आणि अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा.

याने ऑफिसला पोचायला मला चार-पाच मिनिटं जास्त लागतात. स्वतंत्र ट्रॅक आणि सायकलसाठी वेगळा सिग्नल आपण मागायलाच हवा, मीही मागतो. पण लाल दिवा तोडता तोडता तो मागितला, तर ऐकणार कोण?

तुमच्या रोजच्या रस्त्यावर सायकलसाठी सगळ्यात अवघड चौक कुठला, ते मला कळवा. पुढच्या भागात त्यावरच बोलू. तोपर्यंत सांभाळून चालवा. भेटूच!