पायपेटीला एकदा एकटीला ऐका

मुंबई-आग्रा रस्त्यावर, धुळ्याच्या उत्तरेला, किल्ल्याच्या पायथ्याशी सोनगीर वसलं आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी सारा खानदेश या गावाला ओळखतो. ठोकला की पत्रा कडक होतो, भट्टीत तापवला की पुन्हा मऊ पडतो, जाडी बदलली की नाद बदलतो, हे इथल्या तांबटांना कुणी शिकवायची गरज नाही. म्हणून पायपेटीची, म्हणजे चर्चमधल्या आणि नाटकवाल्यांच्या ऑर्गनची, ओळख मला पितळेपासूनच करून द्यावीशी वाटते. त्या भल्याथोरल्या लाकडी सांगाड्याचा जीव पितळेच्या लहान-मोठ्या पट्ट्यांत असतो.

एका चौकटीवर एका टोकाशी जखडलेली आणि दुसऱ्या टोकाशी मोकळी अशी ही पट्टी. हवा गेली की ती थरथरते आणि स्वर उमटतो. टोकाशी किंचित खरवडली तर स्वर चढतो, मुळाशी खरवडली तर उतरतो. पट्टीला किती बाक द्यायचा, किती पीळ द्यायचा, यावर आवाजाची जात ठरते. अमेरिकेतल्या एमन्स हॅमलिनला हे नेमकं उमगलं होतं. पुढे 1854 मध्ये हेन्री मेसनबरोबर त्याने बोस्टनला 'मेसन अँड हॅमलिन' ही कंपनी काढली. व्हरमाँटमधल्या एस्टी कंपनीने तर पाच लाखांहून अधिक पायपेट्या बनवल्या. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलसारख्या ठिकाणी नळ्यांचा पाइप ऑर्गन बसवता आला, पण गावोगावच्या लहान चर्चना तो कुठून परवडणार? त्यांची उपासना या पट्ट्यांच्या ऑर्गनवरच चालली. मिशनऱ्यांसाठी घडी घालून पेटीसारखे उचलून नेता येणारे ऑर्गनही निघाले.

आपली हार्मोनियम आणि ही पायपेटी दिसायला नात्यातल्या, पण श्वास उलटा. हार्मोनियमचा भाता हवा पट्ट्यांवर ढकलतो, अमेरिकन पद्धतीच्या पायपेटीचा भाता ती आत ओढून घेतो. त्यामुळे आवाजाची धार बोथट होऊन तो गोल, भरीव होतो. आणि भाता पायांवर गेल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात, ही गोष्ट तर फारच मोठी. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हार्मोनियम मांडीपुढे आणली तेव्हा डावा हात भात्याला द्यावा लागला. पायपेटीवर तोच हात खर्ज धरतो, पंचम भरतो, कधी उजव्याला उत्तर देतो.

खरी दौलत मात्र बोटांनी दाबायच्या पट्ट्यांच्या वर, ओढायच्या बोंडांत आहे. त्यांना स्टॉप म्हणतात. साधारण पायपेटीला पाच सप्तकं, 61 पट्ट्या असतात आणि त्यांच्यामागे स्वरपट्ट्यांचे दोन, तीन, कधी चार संच असतात. एकच चाल घेऊन एकेक बोंड ओढत गेलं की काय होतं, ते ऐकण्यासारखं आहे. 'मेलोडिया' ओढलं की बासरीसारखा सरळ, मोकळा आवाज येतो. 'डल्सियाना'ला बहुतेक वेळा नवा संच नसतो, त्याच संचाची हवेची वाट अर्धी उघडते आणि आवाज घरातल्या घरात गुणगुणल्यासारखा होतो. 'व्हायोला' चाल एक सप्तक वर नेतं. 'सब बास' जमिनीतून आल्यासारखा खर्ज देतं. 'सेलेस्ट'मध्ये दोन संच मुद्दाम किंचित बेसूर ठेवलेले असतात आणि त्या घर्षणातून स्वराला लाटा येतात. 'व्हॉक्स ह्युमाना' ओढलं की आतला एक पंखा हवेच्या ओढीने फिरू लागतो आणि आवाज मानवी गळ्यासारखा कापतो. 'कपलर' लावला तर एक पट्टी दाबताच सप्तकापल्याडची दुसरी आपोआप दबते. शेवटी गुडघ्याने तरफ बाहेर ढकलली की सगळे संच एकदम बोलू लागतात. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातलं एखादं भक्तिगीत हळू सुरू करून या टप्प्याला आणलं, की लहानशा चर्चच्या भिंतीही त्यात सामील होतात.

मराठी रंगभूमीने या वाद्याला वेगळाच जन्म दिला. ध्वनिक्षेपक नसलेल्या थिएटरात नटाच्या आवाजाला शेवटच्या रांगेपर्यंत आधार देणारं काहीतरी हवंच होतं. 1913 मध्ये निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे असत. गाणारा श्वास घेतो तेव्हा ऑर्गनचा स्वर तुटत नाही, आणि पुढची तान त्या धरलेल्या स्वरावरूनच उडते. पुढच्या काळात गोविंदराव पटवर्धन आणि तुळशीदास बोरकर यांनी हीच साथ इतकी बोलकी केली, की अनेकांचे कान गाण्याबरोबर वाद्याकडेही लागत.

पायपेटीला मींड येत नाही, हे खरं आहे. तिचे बारा स्वर ठरलेले, त्यांच्यामधल्या श्रुती तिला अप्राप्य. याच आक्षेपापायी आकाशवाणीने 1940 पासून तीस वर्षांहून अधिक काळ हार्मोनियमला दूर ठेवलं. पण मींडेच्या मापाने पायपेटी मोजणं मला अन्यायाचं वाटतं. तिचं सामर्थ्य आवाजाच्या रंगांत आहे, आणि साथीला बसवल्यावर त्यातले एक-दोनच रंग बाहेर येतात. बाकीची बोंडं तशीच आत राहतात.

खानदेशचा उन्हाळा या वाद्याला मानवत नाही. पारा 44-45 अंशांवर गेला की लाकूड तडकतं, भात्याचं रबरी कापड कडक होऊन चिरतं. उंदीर नमदा आणि चामडं कुरतडतात. पण बिघाड बहुतेक वेळा याच मऊ भागांत असतो. पितळी पट्ट्या शंभर वर्षांनंतरही साफ केल्या की बोलतात. कोकणात आडिवऱ्याला उमाशंकर दाते यांनी नव्या पायपेट्या बांधायला घेतल्या, म्हणजे हातांचं कसबही संपलेलं नाही.

जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवासारख्या व्यासपीठांनी पायपेटीला साथीच्या कोपऱ्यातून काढून तासभर मधोमध बसवावं. एकच पद, एकच भक्तिगीत, आणि प्रत्येक बोंड वेगळं उघडून दाखवणारा वादक, एवढं पुरेसं आहे. आणि तुमच्या चर्चमध्ये, शाळेत किंवा जुन्या नाट्यमंडळाच्या खोलीत एखादी मुकी पायपेटी पडून असेल, तर ती भंगारात देऊ नका, पट्ट्यांना तेलही लावू नका. आधी जाणकार कारागिराला दाखवा.