आठवणीच्या पेशींचा माग: १९५३ ते २०२५

विसाव्या शतकात स्मृतीविषयी जे ज्ञान जमा झाले, त्याचा मोठा भाग मेंदूला झालेल्या इजांवरून बांधलेला होता. मेंदूचा एखादा भाग निकामी झाला आणि त्यासोबत माणसाची एखादी क्षमता गेली, म्हणजे ती क्षमता त्या भागाच्या आधारावर उभी असणार, अशी त्यामागची तर्कपद्धती होती. गेल्या दोन दशकांत मात्र निवडक पेशी हव्या त्या क्षणी चालू किंवा बंद करून वर्तनात काय बदल होतो, हे थेट पाहता येऊ लागले आणि स्मृतीच्या अभ्यासाची सारी भाषाच पालटली.

जुन्या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण हेन्री मोलाइसन यांचे. १९५३ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्यांच्या औषधांना दाद न देणाऱ्या फेफऱ्यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंच्या कानशिलांआड असलेल्या मेंदूच्या खंडांचा आतला भाग काढून टाकला, आणि त्यात हिप्पोकॅम्पस या वळणदार रचनेचाही बराच हिस्सा गेला. फेफरे कमी झाले, पण त्यानंतर घडलेली कोणतीही नवी घटना त्यांच्या लक्षात राहीनाशी झाली. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशातील प्रतिबिंबाकडे पाहत कागदावरील चांदणीच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवायला सांगितले, तेव्हा दिवसागणिक त्यांच्या चुका घटत गेल्या, मात्र हे काम आपण पूर्वी केले आहे याची त्यांना दर वेळी सुतराम कल्पना नसे. हाताचे कसब आणि घटनांची आठवण मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी साठतात, हा निष्कर्ष या साध्या चाचणीतून निघाला. मोलाइसन २००८ साली वारले आणि तोवर जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते केवळ ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी वावरत राहिले.

आठवण कोठे साठते याचा असा अंदाज आला, तरी ती कशी साठते हा प्रश्न उरलाच. १९७३ मध्ये टिमोथी ब्लिस आणि तेरिये लोमो यांनी ऑस्लो येथे सशांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले, की हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींना, म्हणजे विद्युत्‌संदेश वाहणाऱ्या मेंदूच्या पेशींना, थोड्या वेळात वारंवार चेतवले तर त्यांच्यातील चेतासंधी तासन्‌तास बळकट राहतात. चेतासंधी म्हणजे एका पेशीकडून दुसरीकडे संदेश पोहोचवणारी जोडणी. हे बळकट होणे म्हणजेच आठवण, असे पुढची चार दशके जवळपास गृहीत धरले गेले.

मधल्या काळात रक्तातील प्राणवायूच्या फरकांवरून मेंदूची सक्रियता टिपणाऱ्या चुंबकीय प्रतिमांचे युग आले. रंगीत ठिपक्यांच्या या चित्रांनी सामान्य वाचकाला भुरळ घातली आणि अनेक संशोधकांनाही. २००९ मध्ये क्रेग बेनेट व सहकाऱ्यांनी एका मेलेल्या सामन माशाला यंत्रात ठेवून त्याच्यासमोर माणसांची छायाचित्रे धरली, तेव्हा संख्याशास्त्रीय दुरुस्ती न केल्यास त्याच्याही मेंदूत ‘सक्रियता’ दिसते, असे आढळले. विनोद बोचरा होता, पण गरजेचा होता. या प्रतिमा टाकाऊ नाहीत. मात्र अमुक भाग उजळला म्हणून अमुक वर्तन घडले, असे म्हणण्याचा अधिकार त्या देत नाहीत.

तो अधिकार मिळवून देण्याचे श्रेय बऱ्याच अंशी शेवाळाकडे जाते. एका हरित शेवाळात प्रकाश पडताच विद्युत्‌भारित कणांना वाट देणारे प्रथिन असते. त्याचे जनुक चेतापेशींत घातले तर निळ्या प्रकाशाने त्या पेशी चेतवता येतात, हे २००५ मध्ये कार्ल डायसेरॉथ, एडवर्ड बॉयडेन आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले. या तंत्राला ऑप्टोजेनेटिक्स म्हणतात.

सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत शू लिऊ आणि स्टीव्ह रामिरेझ यांनी २०१२ मध्ये हे तंत्र आठवणीवर वापरले. एका पेटीत उंदराला सौम्य विजेचा झटका बसत असताना हिप्पोकॅम्पसमधील ज्या पेशी सक्रिय झाल्या, तेवढ्यांतच ते प्रकाशसंवेदी प्रथिन तयार होईल अशी जनुकीय योजना त्यांनी केली होती. नंतर उंदीर अगदी वेगळ्या, निर्धोक पेटीत असताना त्या पेशींवर प्रकाश टाकताच तो भीतीने जागच्या जागी थिजला. पुढच्याच वर्षी त्यांनी याहून धाडसी पाऊल उचलले. निर्धोक पेटीची आठवण धारण करणाऱ्या पेशी आधी चिन्हांकित केल्या, आणि उंदराला दुसऱ्या पेटीत झटके बसत असताना त्या प्रकाशाने जागवल्या; परिणामी, जिथे कधीच काही वाईट घडले नव्हते त्या पहिल्या पेटीत परतल्यावरही उंदीर घाबरू लागला. खोटी आठवण रुजवण्याचा हा प्रयोग वृत्तपत्रांत झळकला. मात्र त्याच प्रयोगशाळेचे २०१५ चे काम अधिक मोलाचे होते. प्रथिननिर्मिती रोखणारे औषध देऊन चेतासंधींचे बळकट होणे थांबवले, तेव्हा उंदराला झटक्याची पेटी पाहूनही काही आठवेना, पण चिन्हांकित पेशींवर प्रकाश पडताच तो थिजला. म्हणजे आठवण पुसली गेली नव्हती, तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट बंद झाली होती. चेतासंधींचे बळ आठवण बाहेर काढण्यास लागते, पण आठवण खुद्द कोणत्या पेशी कोणाशी जोडल्या आहेत या रचनेत असते, असा अर्थ संशोधकांनी लावला. १९७३ पासूनच्या गृहीतकाला बसलेला हा मोठा धक्का होता, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

आठवण जोडण्यांत असेल, तर जोडण्यांचा नकाशा हवा. २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा, सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशींचा, नकाशा पूर्ण झाला. २०२५ मध्ये उंदराच्या मेंदूतील दृष्टीशी निगडित भागातल्या जेमतेम एक घन मिलिमीटर ऊतीचा नकाशा आला आणि त्यात ५० कोटींहून अधिक चेतासंधी मोजल्या गेल्या. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. पण अडचण केवळ आकाराची नाही. सी. एलिगन्स या जंताच्या अवघ्या ३०२ चेतापेशींचा नकाशा १९८६ पासून हाताशी आहे. प्रिन्सटन येथील संशोधकांनी त्याच्या एकेक पेशी प्रकाशाने चेतवून संदेश कुठे पोहोचतात हे मोजले आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा प्रत्यक्ष मार्ग नकाशावरून बांधलेल्या अंदाजांशी अनेक ठिकाणी जुळले नाहीत, कारण काही संदेश न्यूरोपेप्टाइड या लहान प्रथिनरेणूंच्या रूपाने, जोडण्यांच्या बाहेरूनच पेशीपेशींत जात होते.