संपाचा दणका कधी बसतो?

एकट्यानं काम सोडलं तर मालक दुसरा माणूस आणतो. सगळे एकदम थांबले की त्याला बोलणी करावीच लागतात. पण वेळ साधावी लागते. गोव्यातल्या डिचोलीत हे चटकन कळतं. खाणीतलं खनिज ट्रकनं पिळगावच्या सारमानससारख्या जेटीवर येतं, तिथून बार्जनं मांडवीमार्गे मुरगाव बंदराकडे जातं. यातली एक कडी निखळली की मागं ट्रकांची रांग, पुढं खोळंबलेलं जहाज आणि दिवसागणिक चढणारं डेमरेज, म्हणजे जहाज खोळंबल्याची भरपाई. हा हिशेब साधारण ऑक्टोबर ते मे एवढाच. पावसाळ्यात खाणीत पाणी उपसायचं काम, तेव्हाच्या संपाची मालकाला कसली फिकीर!

२०१२ आणि पुन्हा २०१८मध्ये सरकारी व न्यायालयीन आदेशांनी खाणीच थांबल्या. काम बंद झालं, पण तो संप नव्हता. उलट कामगारांच्या हातचं हत्यारच गेलं.

पेडण्यातले टॅक्सीवाले मोपा विमानतळाच्या प्रश्नावर गाड्या थांबवतात, त्यालाही लोक संपच म्हणतात. गाडी स्वतःची असेल तर कायद्याच्या लेखी तो संप नाही, कारण समोर मालकच नसतो.

२१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. आता कोणत्याही उद्योगात संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस लागते. समेटाची बोलणी चालू असताना संप बेकायदा ठरतो. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा टाकली, तरी तो संपच धरला जातो.