पऱ्हाटीच्या ढिगातला विंचू

पांढरकवड्याकडे कापसाची शेवटची वेचणी झाली की घरामागे पऱ्हाटीचा ढीग रचला जातो, चुलीसाठी. त्यात गोम, झुरळं, वाळवी असतातच. खरी धास्ती विंचवाची.

विंचू हा कीटक नव्हे. आठ पायांचा हा प्राणी कोळ्याच्या गोतातला. नुकती जन्मलेली पांढुरकी पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर दाटीवाटीने बसून असतात. काळोखात अतिनील टॉर्च मारली तर मोठा विंचू हिरवट-निळा चमकतो.

जाड नांग्यांची काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जिवावर उठतो तो बारीक नांग्यांचा लाल विंचू. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय आणि शेवटी फुप्फुसांत साचणारं पाणी! महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून ही लक्षणं टिपली, 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन त्यांनी वापरलं आणि मृत्यू झपाट्याने घटले. 2022 ची पद्मश्री त्यांना मिळाली, ती अगदी रास्त.

पऱ्हाटी ओढण्याआधी काठीने हलवून घ्या. दंश झालाच तर मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता थेट दवाखाना गाठा.