मुलींनी अडलं तर विचारायचं कुणाला?

संगणकाचे काम म्हणजे शहरातल्या मुलांचे काम, अशी एक समजूत आपल्याकडे रुजून बसली आहे. मुलगी हुशार निघाली तर तिने शिक्षिका व्हावे, परिचारिका व्हावे, फार तर बँकेत लागावे, असे आपण म्हणतो. यात वाईट काही नाही. पण संगणकाला आज्ञा लिहून देण्याचे काम, ज्याला आज सगळे कोडिंग म्हणतात, ते आपल्या मुलीला जमेल की नाही, हा प्रश्न धावड्यासारख्या गावात फारसा कुणी विचारतच नाही. तो विचारावा आणि त्याचे उत्तर कशावर अवलंबून आहे तेही पाहावे, म्हणून हे चार शब्द.

धावडा हे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले, अजिंठ्याच्या डोंगररांगेकडचे गाव. या पट्ट्यात कापूस आहे, मका आहे, मिरची आहे, दुभती जनावरे आहेत. इथे संगणकाचा काय संबंध, असे कुणी म्हणेल. पण दूध घालायला संकलन केंद्रावर गेलात की यंत्र फॅट मोजते, लिटर मोजते आणि किती रुपये झाले त्याची चिठ्ठी बाहेर टाकते. हा हिशेब ते यंत्र आपल्या मनाने करत नाही. कुणीतरी त्याला आधी लिहून दिलेले असते, की फॅट इतके असेल तर दर इतका धर, लिटरने गुण, रक्कम छाप, आणि पुढचा माणूस आला की हेच पुन्हा कर. 'जर असे, तर तसे' आणि 'पुन्हा पुन्हा कर' या दोन गोष्टी नीट क्रमाने लिहिणे, हीच आज्ञावली. बाजरीच्या भाकरीचे पीठ किती, पाणी किती, तवा तापला नसेल तर थांबायचे की टाकायची, हे जिला बिनचूक सांगता येते तिच्या डोक्यात आज्ञावलीचे बी आहेच. उरते ते शिकणे.

आता अडते कुठे ते पाहू. आज्ञावलीत एक स्वल्पविराम चुकला तरी यंत्र काम करीत नाही, आणि चूक कुठे आहे ते धड सांगतही नाही. नव्याने शिकणारी मुलगी त्या एका चुकीपाशी दोन दोन दिवस बसते. शेजारी कुणी जाणती असेल तर ती पाठीमागून नजर टाकते आणि म्हणते, "अगं, हा कंस मिटवला नाहीस." दोन मिनिटांत गाठ सुटते. शेजारी कुणी नसेल तर तिसऱ्या दिवशी ती मुलगी काय ठरवते? हे आपल्याला जमायचं नाही, असं ठरवते. बुद्धी कमी पडली म्हणून तिने सोडले, असे लोक समजतात. खरे म्हणजे विचारायला कुणी नव्हते म्हणून तिने सोडलेले असते. मुलग्यांचेही असेच अडते. पण त्याला रात्री मित्राच्या खोलीवर जाऊन विचारता येते. मुलीला ती मुभा किती घरांत असते, हे आपण सारे जाणतो.

इतिहासही हेच सांगतो. पहिल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक संगणकांपैकी 'एनिॲक' हा अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे तयार झाला आणि 1946 च्या फेब्रुवारीत लोकांपुढे आला. त्याला कामाला लावणाऱ्या सहा जणी होत्या, सहाही स्त्रिया. त्यांतली जीन जेनिंग्ज ही मिसुरी प्रांतातली शेतकऱ्याची मुलगी, सात भावंडांतली सहावी. गणितात पदवी घेतल्यावर तिच्या सल्लागाराने सांगितले, जवळपासच शिक्षिका हो. पण कॅल्क्युलस शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी तिला फिलाडेल्फियाचे काम धरायला सांगितले. ती गेली. त्या एका शब्दाने एका मुलीचे आयुष्य वळले, म्हणून सल्ला देणाऱ्याने जपून बोलावे.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. त्या यंत्राचे पुस्तक नव्हते, शिकवणारा नव्हता. सुरुवातीला लष्करी गुप्ततेमुळे यंत्र पाहूही दिले नाही. नुसते नकाशे हातात दिले. मग या मुली जोडीजोडीने बसल्या. जीन आणि बेटी स्नायडर ही एक जोडी. एकीने मांडायचे, दुसरीने त्यातली चूक काढायची, आणि चूक सापडली म्हणून रुसायचे नाही. जाहीर प्रयोगाच्या दिवशी तोफगोळ्याच्या मार्गाचे जे गणित यंत्राने करून दाखवले, त्याची आज्ञावली या दोघींची होती. त्या दिवशी त्यांची नावे मात्र कुणी घेतली नाहीत. ती लोकांपुढे यायला कित्येक दशके गेली. बेटीने पुढे अशी आज्ञावली लिहिली की जी दुसरी आज्ञावली तयार करून देई. तिच्याच कारखान्यात काम करणाऱ्या ग्रेस हॉपर यांनी 1952 साली कंपायलर रचला, आणि बेटीच्या कामाचे ऋण त्यांनी मानले. एकीच्या खांद्यावर दुसरी उभी राहिली, ती अशी.

या अनुभवातूनच पुढे मंडळे निघाली. 1987 साली संगणकशास्त्राच्या एका परिषदेत पुरुषांच्या गर्दीत मोजक्याच स्त्रिया होत्या. त्यांतल्या अनिता बोर्ग यांनी एकमेकींशी संगणकावरून पत्रव्यवहार ठेवण्यासाठी 'सिस्टर्स' नावाचे मंडळ काढले. काम अडले, वरिष्ठ ऐकत नाहीत, बाळंतपणानंतर परतायचे आहे, असे प्रश्न तिथे न लाजता विचारता येत. 1994 पासून ग्रेस हॉपर यांच्या नावाने स्त्रियांचे संमेलन भरू लागले. 'आउटरीची' म्हणून दुसरा उपक्रम आहे. त्याची सुरुवात 2006 साली झाली. त्यात तीन महिन्यांची उमेदवारी असते, काम घरून करायचे असते, विद्यावेतन मिळते, आणि प्रत्येक उमेदवाराला एक जाणता मार्गदर्शक नेमून दिलेला असतो. चांगले इंटरनेट, कामचलाऊ इंग्रजी आणि अंगी चिकाटी असेल, तर हे काम गावातूनही करता येते. कॉलेज चालू असताना मात्र इतका वेळ काढणे अवघड जाते, तेव्हा अटी आधी नीट वाचाव्यात.

म्हणाल, या परदेशच्या गोष्टी झाल्या. तर आपल्याकडचे पाहा. मुंबईत धारावीच्या झोपडपट्टीत नवनीत रंजन या चित्रपटकाराने 2014 च्या सुमारास 'धारावी डायरी' हा उपक्रम सुरू केला. तिथल्या शाळकरी मुली 'ॲप इन्व्हेंटर' नावाच्या मोफत साधनावर शिकल्या. यात आज्ञा टाइप करायच्या नसतात. रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायचे असतात. आधी या मुलींना विचारले, तुमच्या गल्लीत अडचण काय आहे? उत्तर तयारच होते. सार्वजनिक नळावर पाण्यासाठी तासन्‌तास रांग. त्यासाठी नंबर लावून देणारे ॲप त्यांनी केले. रस्त्यात छेड काढली जाते. त्यासाठी धोक्याची हाक देणारे दुसरे ॲप केले. पाण्याची रांग मुलींनाच ठाऊक होती, कारण हंडा त्यांच्याच डोक्यावर होता. धावड्याच्या मुलींना असे विचारले तर त्यांची यादी वेगळी निघेल, पण निघेल खास.

पुण्याचे उदाहरण याहून जुने आहे. महर्षी कर्वे यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 साली तो हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत नेला. ज्या विधवांना घरात कुणी विचारीत नव्हते, त्या तिथे एकमेकींच्या सोबतीने शिकल्या आणि त्यांतल्याच पुढे शिकवू लागल्या. त्याच संस्थेने त्याच परिसरात 1991 साली मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. तिथे संगणक अभियांत्रिकीही शिकवतात. वर्गात सगळ्याच मुली असल्या की संगणकापुढे बसायचे कुणी आणि मागे उभे राहून वही धरायची कुणी, हा प्रश्नच उरत नाही. ज्यांना कॉलेज परवडत नाही अशा मुलींसाठी 2016 साली निघालेल्या 'नवगुरुकुल' या संस्थेने पुण्यातही निवासी केंद्र चालवले. फी नाही, आधी शिकलेली मुलगी नंतर आलेलीला शिकवते, अशी तिथली पद्धत.

मार्गदर्शन म्हणजे नुसते 'शाब्बास, पुढे जा' म्हणणे नव्हे. त्यात तीन कामे येतात. अडलेली गाठ सोडवणे हे पहिले. वाट दाखवणे हे दुसरे, आणि तिसरे म्हणजे दार उघडणे: ही मुलगी चांगले काम करते, तिला मुलाखतीला बोलवा, असा शब्द योग्य ठिकाणी टाकणे.

यातल्या दुसऱ्या कामाचे मोल किती, ते एका उदाहरणाने पटेल. जुलै 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला. वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या घरांतल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अभियांत्रिकी त्यात आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. मात्र या माफीला मेख आहे: प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झाला पाहिजे. घाईघाईने व्यवस्थापनाच्या कोट्यातली जागा घेतली, की माफी गेली. शिवाय उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला वेळेवर हवा. शेतात कामाची घाई असते, बाप तहसीलला जाऊ शकत नाही, आणि एका कागदापायी वर्ष जाते. मागल्या वर्षी हेच करून गेलेली एखादी ताई फोनवर असती तर तिने वेळीच बजावले असते, "काका, दाखला आधी काढा."

तेव्हा करायचे काय? मोठी इमारत नको, देणगी नको. चार-पाच मुली जमवा. एकटीला बोलावू नका. एकटी आली तर घरचे नाना शंका घेतात, आणि अडली की तीच परत येत नाही. शाळेतली संगणकाची खोली रविवारी दोन तास उघडा, आणि किल्ली एखाद्या बाईंच्या हाती द्या. इंटरनेट धड नसेल तर 'स्क्रॅच' हे लहान मुलांसाठीचे मोफत साधन एकदा उतरवून घेता येते. मग ते इंटरनेटशिवाय चालते. घरातला मोबाईल बहुतेक भावाच्या खिशात असतो. तो ठरल्या वेळी बहिणीच्या हाती यावा, हे आईने सांगितले तर होते. आणि गावातली, नाही तर पंचक्रोशीतली, एखादी मुलगी पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला या कामात लागलेली असेल, तिला शोधून काढा. आठवड्यातून अर्धा तास व्हिडिओवर तिने या मुलींशी बोलावे, एवढेच मागा. एम.एस.सी.आय.टी. पुष्कळ मुली करतात, ते चांगलेच आहे. पण त्यात संगणक वापरायला शिकतात. आपण बोलतो आहोत ते संगणकाला शिकवण्याबद्दल.

एक शंका राहिली. आता यंत्रेच आज्ञावली लिहू लागली आहेत, मग मुलींनी हे शिकून काय करायचे? शंका रास्त आहे. यंत्र पानेच्या पाने लिहून देते हे खरे. पण लिहिलेले बरोबर आहे का, दुधाचा दर गवळ्याच्या बाजूने धरला की केंद्राच्या, हे तपासायला जाणते माणूस लागतेच. जीन आणि बेटी एकमेकींच्या कामातली चूक काढीत, ती नजर आज जास्त लागते. ती नजर पाठांतराने येत नाही; चौघींत बसून, विचारून, वाद घालून येते.

प्रत्येक मुलीने हेच करावे, असे कुणी म्हणत नाही. जिला डॉक्टर व्हायचे तिने व्हावे, जिला शेती करायची तिने करावी. पण जिला हे करावेसे वाटते, तिने केवळ विचारायला कुणी नाही म्हणून माघारी फिरू नये. आणि ज्या ताई आधीच पुढे गेल्या आहेत, त्यांनी दिवाळीला गावी आल्यावर फराळाच्या ताटाबरोबर शाळेचीही चौकशी करावी. कोण बारावीला आहे, कुणाला गणित आवडते, एवढे विचारावे आणि आपला नंबर देऊन ठेवावा. पहिला फोन यायला वेळ लागेल, मुली संकोचतात. म्हणून पहिला फोन ताईनेच करावा.