नाण्यांची प्रतवारी

नाण्यांची प्रतवारी म्हणजे संग्रहासाठी घेतल्या जाणाऱ्या नाण्याची झीज, ठशाचा उठाव, पृष्ठभागाची स्थिती आणि मूळ झळाळी यांवरून त्याची गुणवत्ता ठरविण्याची पद्धत होय. एकाच वर्षाच्या व एकाच टाकसाळीच्या दोन नाण्यांच्या किमतींत प्रतीमुळे अनेक पटींचा फरक पडू शकतो. त्यामुळे संग्राहकाला खरेदीपूर्वीच कोणते निकष लावायचे हे ठरवावे लागते. हे निकष सर्व नाण्यांना सारखे नसतात. यंत्रावर पाडलेला ब्रिटिशकालीन रुपया आणि हाताने ठोकलेली शिवराई एकाच फूटपट्टीने मोजता येत नाहीत.

== शेल्डन श्रेणी ==
आज जगभर रूढ असलेली १ ते ७० अंकांची श्रेणी अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली. ती मुळात जुन्या अमेरिकन तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी होती, आणि नाण्याचा अंक व त्याची किंमत यांचे थेट प्रमाण असावे ही त्यामागील कल्पना होती. किमतीचे ते गणित पुढे टिकले नाही. अंक मात्र टिकले. ६० ते ७० हे अंक चलनात न फिरलेल्या नाण्यांना मिळतात. ५० ते ५८ अंकांच्या नाण्यांवर झिजेच्या केवळ खुणा असतात. त्याखाली 'एक्स्ट्रीमली फाइन', 'व्हेरी फाइन', 'फाइन', 'व्हेरी गुड' आणि 'गुड' अशा पायऱ्या येतात. येथे शब्द फसवे आहेत. 'गुड' म्हणजे चांगले असा अर्थ घेऊन नाणे विकत घेणाऱ्याच्या हाती केवळ बाह्यरेषा उरलेले, गुळगुळीत झालेले नाणे पडते.

अमेरिकेत १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या संस्था सुरू झाल्या. नाणे तपासून, त्याला अंक देऊन ते प्लॅस्टिकच्या बंद पेटीत ('स्लॅब') ठेवण्याची प्रथा त्यांनी रूढ केली. या पेट्यांच्याही नकला होतात. म्हणून पेटीवरील क्रमांक संस्थेच्या नोंदीशी, शक्य असल्यास छायाचित्रासह, ताडून पाहावा लागतो.

== यंत्रावर पाडलेली नाणी ==
१८३५ पासून ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखात एकसारखा रुपया चालू केला. त्याचे वजन एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि चांदीचे प्रमाण ९१.७ टक्के होते. हे प्रमाण १९४० मध्ये निम्म्यावर आले. १८३५ ते १९३९ या काळातील रुपयांबाबत वजन व चांदी ठाऊक असल्याने पहिली कसोटी सोपी ठरते. अशा धातूची घनता सुमारे १०.३ भरते, म्हणजे दोऱ्याला टांगून पाण्यात बुडविलेल्या रुपयाचे वजन साधारण १.१ ग्रॅमने कमी दिसले पाहिजे.

मात्र वजन जुळले म्हणजे नाणे निर्दोष ठरत नाही. १९३९ चा रुपया दुर्मीळ आहे आणि १९३८ चा तुलनेने सहज मिळतो. शेवटचा आकडा कोरून बदलल्यास वजन, धातू व कड सारे अस्सलच राहते. अशा वेळी भिंगाखाली आकड्याभोवतीचा सपाट भाग पाहणे हाच उपाय उरतो.

झीज प्रथम उंच भागांवर येते. राणी व्हिक्टोरियाच्या नाण्यांवर गाल व केस, तर पाचव्या जॉर्जच्या नाण्यांवर मुकुट, कान व दाढी पाहतात. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर हत्तीची लहानशी आकृती आहे. १९११ च्या रुपयावर तिची सोंड आखूड असल्याने ती डुकरासारखी दिसते अशी तक्रार झाली आणि पुढील वर्षी आकृती सुधारण्यात आली. त्यामुळे १९११ च्या रुपयात हा हत्ती स्पष्ट असणे महत्त्वाचे मानले जाते. तो झिजलेला असेल तर त्या नाण्याची खास ओळखच गेलेली असते. झीज आणि मुळातच अपुरा उमटलेला ठसा यांत गल्लत होऊ नये. अपुऱ्या ठशाच्या भागावर चकतीची मूळ चकाकी राहू शकते, झिजलेल्या भागावर ती राहत नाही.

== साफसफाई आणि डाग ==
महाराष्ट्रात जुने रुपये मुख्यतः देवघरातून आणि दागिन्यांतून बाजारात येतात. लक्ष्मीपूजनाला ते चिंच किंवा राखेने घासण्याची रीत घरोघरी होती. घरच्यांच्या दृष्टीने ती स्वच्छता. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र प्रत्येक घासणीबरोबर धातूचा वरचा थर व मूळ झळाळी जाते आणि केसासारखे बारीक ओरखडे उरतात. न घासलेले नाणे प्रकाशात फिरवले की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. घासलेले नाणे नुसतेच चकचकीत दिसते. माळेत ओवलेल्या रुपयांच्या कडेवर कडीच्या टाक्याची खूण राहते. ती तासून काढलेली असली तरी दंतुर कडेचा तेवढा भाग बोथट दिसतो. अशा नाण्यांना प्रतवारी संस्था सहसा अंक न देता दोषाची नोंद करतात.

काळपट झालेली चांदी हा दोष नव्हे. तांब्यावरील घट्ट तपकिरी किंवा हिरवट थरही नाण्याचे रक्षण करतो. याउलट भुकटीसारखा सुटणारा फिकट हिरवा थर वाढत जाऊन धातू खातो, म्हणून असे नाणे टाळतात. पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवलेल्या नाण्यांवर चिकट हिरवा लेप येतो. तो दोष साठवणुकीचा असतो.

== हाताने पाडलेली नाणी ==
शिवराई ही शिवकाळापासूनची तांब्याची नाणी. त्यांच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्र पति' अशी अक्षरे, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ असते. हातोड्याने पाडताना ठसा सरकत असल्याने संपूर्ण मजकूर क्वचितच उमटतो. म्हणून येथे झिजेपेक्षा किती अक्षरे वाचता येतात, वर्तुळाचा किती भाग दिसतो आणि ठसा मध्यावर आहे का, हे आधी पाहतात. 'शिव'ऐवजी 'सिव' असे लेखन असलेल्या शिवराया आढळतात. भाषेच्या शिक्षकाला ती चूक वाटेल, पण संग्राहक तो स्वतंत्र प्रकार मानून शोधतो. मोगल व मराठा रुपयांवरील सराफांच्या छापांनी किंमत थोडी घटते. तथापि त्या खुणा नाणे त्या काळी पारखले गेल्याची साक्ष देतात, त्यामुळे त्यांना घासल्याच्या ओरखड्यांच्या पंक्तीत बसवणे योग्य नाही.

== निकष ठरविणे ==
वंशवार किंवा टाकसाळवार संग्रह करणाऱ्यास एखादे दुर्मीळ नाणे 'फाइन' प्रतीत मिळाले तरी ते घेणे इष्ट असते, कारण चांगली प्रत कदाचित मिळणारच नाही. लाखोंनी पाडलेल्या सामान्य वर्षाच्या रुपयाला मात्र ही सवलत देण्याचे कारण नाही. ६० च्या वरील अंकांत एकेका अंकाचा फरक डोळ्यांना जेमतेम जाणवतो आणि किमतीत भरपूर पडतो. नवख्याने त्या स्पर्धेत उतरण्यापूर्वी संग्रहालयांतील नाणी पाहून नजर तयार करणे बरे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची स्वतंत्र संशोधन संस्था आहे.

== कायदेशीर बाजू ==
पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षे वा त्याहून जुने नाणे पुरावस्तू ठरते व खाजगी व्यक्तीस ते देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची माहिती १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. त्यामुळे 'शेतात सापडले' असे सांगून विकले जाणारे मातकट नाणे कितीही उत्तम प्रतीचे असले, तरी त्याच्या मालकीचा प्रश्न शिल्लक राहतो.